संपतनानांचा जबडा

एकदा मी एका भल्या माणसाच्या गालाला बिबा चोळला.

ज्यांना बिबा माहीत नाही त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. ज्यांना माहीत आहे ते एव्हाना कपाळाला हात लावून बसले असतील. बिबा म्हणजे एक काळंभोर, कडक फळ. त्यात जहाल तेल असतं. आमच्या जुन्या बायका दाभण तापवून बिब्याला टोचत आणि दुखऱ्या गुडघ्यावर नाहीतर टाचेवर त्याचे इवलेसे ठिपके देत. तेही आधी तुपाचा हात फिरवून. मी लहानपणी ठिपके पाहिले होते, तूप पाहिलं नव्हतं. आणि गाल म्हणजे टाच नव्हे, हे मला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. महाराष्ट्र राज्यही नुकतंच झालं होतं. महाराष्ट्र आणि मी बरोबरच संसाराला लागलो म्हणा. मी अकोल्याची, मॅट्रिक नापास. पण नापास व्हायला आधी मॅट्रिकपर्यंत जावं लागतं, याचा मला केवढा तोरा! शाळेत प्रथमोपचाराचा वर्ग केला होता. एका मैत्रिणीच्या न मोडलेल्या हाताला झकास पट्टी बांधून बाईंची शाबासकी मिळवली होती. तेवढ्या भांडवलावर मी पिंपळगाव राजाला सासरी आले ती अर्धी डॉक्टर होऊनच.

आणि तो भला माणूस म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे संपतनाना.

नाना भाजीबाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, बोलत. शेतकऱ्यांचा माल बाबूभाई अडत्याच्या ओट्यापुढे पडला, की व्यापारी भोवती जमत आणि नाना भाव पुकारत. शेवटची बोली लागेपर्यंत त्यांचं तोंड मिटत नसे. इथपर्यंत ठीक होतं. पण ते घरी आल्यावरही मिटत नसे. नाना घरातसुद्धा हर्रास बोलत.

"भाकर! गरम भाकर! एकच राह्यली! बोला, एक बार... दो बार..."

घरात माणसं दोन. नाना आणि गिरजाकाकू. दुसरी बोली लावणार कोण? काकू गुपचूप भाकरी उचलून त्यांच्या ताटात टाकत, आणि नाना "गेली!" म्हणून मांडीवर थाप मारत. अंघोळीचं पाणी तापलं की पाण्याचा हर्रास. धोतर फाटलं की धोतराचा. एकदा तर त्यांनी मांजर काढलं. "मांजर हाय, पांढरं मांजर! दूध पेते, उंदीर धरत नाही! बोला!" तोंड असं उघडत की पडजीभ दिसायची. आणि बोलत ते एकेक शब्द सुटा, दणदणीत, पुन्हा पुन्हा.

मी लग्न होऊन आले त्या दिवशीही नानांनी आपल्या ओट्यावर उभे राहून पुकारा सुरू केला होता. "अकोल्याची सून आली! शिकेल सून! चष्मा नाही, पाय सरळ!"

"नाना, चूप बसा जी!" सासूबाई ओरडल्या. "तिले काय हर्रासात काढून राह्यले का?"

सगळी गल्ली नानांना अर्धवट समजे. पोरं मागून 'एक बार, दो बार' करत जात. नाना त्यांचाही भाव पुकारून देत.

या गदारोळात गिरजाकाकू मात्र गप्प. गोऱ्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. कुणी बोललं तर नुसत्या हसत. आणि पुष्कळदा तेही नाही. मी नवीन असताना एकदा भिंतीवरून विरजण मागितलं. काकू पाठमोऱ्या बसून ज्वारी पाखडत होत्या. मी हाका मारमारून दमले, त्यांनी मान वळवली नाही. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, ही बाई गर्वाची आहे. ह्यांना तसं सांगितलं तर हे म्हणाले, "लय दिवस झाले, कोनाशी बोलत नाही ती. नवराच तिच्या वाटचं बोलून टाकते." मग मीही काकूंशी अबोला धरला. महिना दीड महिना कडक पाळला. त्यांना पत्ताही नव्हता, हे मला फार लागलं.

तर अशा या नानांचा जबडा ऐन मिरचीच्या हंगामात धरला.

कानाच्या पुढे, जिथं जबड्याची बिजागरी असते, तिथं आधी कट्‌कट् वाजू लागलं. मग दुखू लागलं. मग सूज आली आणि तोंड बोटभर उघडेनासं झालं. तेवढ्या फटीतून नाना मिरची पुकारायला गेले, तर विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसा आवाज. व्यापारी हसू लागले. शेतकरी ओरडू लागले, की आमच्या मालाची बोलीच कुणाला ऐकू जात नाही. बाबूभाई माणूस प्रेमळ, पण धंदा धंदा असतो.

"संपत," ते म्हणाले, "आराम कर तू. नांदुऱ्याचा मानूस बोलावतो मी. मिरचीचा हंगाम सरायच्या आत बरा होऊन आला, तं तुही जागा तुही. नाही आला, तं मंग मी बी काय करू भाई, सांग?"

नानांना शेत नव्हतं. मूलबाळ नव्हतं. दुसरं कसलं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. होता तो आवाज, आणि त्याची खिडकीच अडकून बसली होती.

सासूबाईंच्या हातच्या लेपाला गावात नाव होतं. आंबेहळद, सुंठ, रक्तचंदन उगाळून, गरम करून लावायच्या आणि वर एरंडाचं पान बांधायच्या. नाना गाल धरून दारात आले, तेव्हा सासूबाई बहिणीकडे रोहिणखेडला गेल्या होत्या.

"आत्याबाई नाहीत," मी पदर खोचत म्हटलं, "पण मी आहे ना!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. 'नको' म्हणायलासुद्धा तोंड उघडावं लागतं. ते त्यांना जमलं नाही.

आंबेहळद कुठं असते ते मला ठाऊक नव्हतं, बिबे दिसले. सांध्याच्या सुजेवर बिबा, एवढं ज्ञान तयार होतं. मी टोचला, तेल काढलं आणि डोकं दुखल्यावर बाम चोळतात तसं नानांच्या गालाला कानापासून हनुवटीपर्यंत चोळलं. मधे नाकाला खाज आली ती त्याच बोटानं खाजवली.

दुसऱ्या दिवशी नानांचा गाल काशीभोपळ्याएवढा. त्यावर फोड. एक डोळा बंद. माझी बोटं उतलेली आणि नाकाचा शेंडा पिकल्या टमाट्यासारखा. सासूबाई परत आल्या त्या आमच्या दोघांकडे पाहतच राहिल्या.

"तोंडाले बिबा? अवं, तोंडाले?" त्या मटकन खाली बसल्या. "जनावराच्या तोंडाले लावत नाही व कोनी!" मग तीळ आणि खोबरं वाटून त्यांनी दोघांनाही थापलं. आम्ही ते थापून आपापल्या ओट्यावर बसलो. गल्लीला त्या आठवड्यात दुसरी करमणूक लागली नाही.

फोड बसले, पण आतला जबडा होता तसाच. मग सासूबाईंनी शिक्षा म्हणून मला आणि ह्यांना नानांबरोबर एसटीत बसवून खामगावला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरांनी नानांचा गाल पाहिला, माझं नाक पाहिलं आणि विचारलं, "दोघांना एकच रोग आहे का?"

ह्यांना हसू आवरेना. मी त्यांच्याशी परतीच्या एसटीत बोलले नाही.

डॉक्टर मात्र नीट समजावणारे होते. म्हणाले, "गुडघा सुजतो ना, तसाच हा जबड्याचा सांधा सुजलाय. लेप बाहेरून लावता, या गोळ्या आतून सूज उतरवतील. पण पोटभर खाऊन घ्यायच्या. रिकाम्या पोटी घ्याल तर जबडा गप्प बसेल आणि पोट बोंबलेल. ऊन फडक्यानं शेका. मऊ खा. आणि मुख्य म्हणजे सांध्याला विसावा द्या. ओरडणं बंद. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची, तोंड जास्त उघडू द्यायचं नाही."

नानांनी मान हलवली. मी त्यांच्या जबड्याची राखणदार झाले. मला कुणी नेमलं नव्हतं, नाकानं नेमलं होतं. सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवून घेऊन जायची, त्या नानांच्या पोटात गेल्या की पांढरी गोळी समोर धरायची. नाना गोळीकडे पाहून बोट वर करत, म्हणजे एक बार. दुसरं बोट, दो बार. आणि गोळी गट्ट. दुपारी ते ओट्यावर बसून हनुवटीखाली मूठ धरून जांभया देत, तेव्हा येणारेजाणारे थांबून हळूच विचारत, "कोन गेलं, नाना?"

पहिले काही दिवस सूज झरझर उतरली. मग थांबली. मग पुन्हा चढली. गोळ्या चालू, शेक चालू, सासूबाईंचा लेप चालू, आणि जबडा पुन्हा कट्‌कट्. हंगाम निम्मा होत आला. नांदुऱ्याचा माणूस बाजारात रुळला होता. त्याचा आवाज चिरका आहे असं लोक म्हणत, पण आठवड्यागणिक कमी म्हणत.

पुन्हा खामगाव. डॉक्टरांनी सांध्यावर बोट दाबलं तशी नानांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"गोळी तिचं काम करते," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तुमचं करत नाही. घरी ओरडता?"

नानांनी ठामपणे मान हलवली. नाही. मी छताकडे पाहिलं. कारण दुपारच्या वेळी भिंतीपलीकडून कधी 'मीठ!', कधी 'दार!' अशी एखादी आरोळी मी ऐकली होती. मला वाटलं, म्हाताऱ्याची खोड जात नाही. हाडाचा हर्रासवाला, तोंड मिटून राहवत नसेल. मी ठरवलं, यांना रंगेहाथ धरायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताकाचा पितळी गडवा घेऊन मी मागच्या दारानं त्यांच्या घरात शिरले. काकू चुलीपुढे माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. नाना त्यांच्यासमोर उकिडवे. एका तळव्यानं त्यांनी गाल दाबून धरला होता आणि जेवढं उघडेल तेवढं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तोंड उघडून ते ओरडत होते, "डाळ! लागली! खाली! लागली!"

काकू त्यांच्या ओठांकडे पाहत होत्या. सुईत दोरा ओवताना पाहतो ना आपण, तशा. मग त्यांना कळलं आणि त्या डाळ ढवळू लागल्या.

मी "नाना!" असं ओरडायला गेले आणि हातातला गडवा सुटला. शहाबादी फरशीवर जो काय आवाज झाला! मांजर माळ्यावर उडालं. नाना दचकून उठले.

काकूंची पापणी हलली नाही. त्या डाळ ढवळत राहिल्या. ताकाचा ओघळ त्यांच्या पायापाशी पोचला तेव्हा त्यांनी मागं वळून पाहिलं, आणि मला पाहून हसल्या.

ते हसू मी तोवर किती वेळा पाहिलं होतं, आणि गर्व म्हणून खपवलं होतं!

नानांनी मला मागल्या अंगणात शेवग्याखाली नेलं. ओठ जेमतेम हलवत ते बोलले. त्यांचा एवढा हळू आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

"मुदतीचा ताप आलता तिले. तवापासून कमी कमी होत गेलं. आता माहाच आवाज येते थोडाफार. तोही तोंड पाहून."

"मग सांगायचं ना लोकांना! आम्ही काय खाल्लं असतं का त्यांना?"

"सांगतलं असतं, मंग? बहिरी म्हनले असते. पोट्टे मागून टाळ्या वाजवतात. तिनं नदीवर जानं सोडलं असतं, बाजारात येनं सोडलं असतं. मले येडा म्हनतात, म्हनू दे. येड्याले बाजारात जागा हाय."

"आणि घरातला हर्रास?"

"तेच ते बोल, तेच ते तोंड. वळखाले सोपं जाते तिले."

"अहो, पण डॉक्टर काय म्हणाले! तुमची जागा जाईल बाजारातली."

"पह्यले चूप बसून पाह्यलं ना मी. तिले वाटलं रुसलो. जेवलीच नाही. मंग काय करतो, सांग?"

प्रथमोपचाराच्या वर्गात यावर पट्टी नव्हती. एवढंच म्हटलं की मी कुणाला सांगणार नाही. आणि खरंच सांगितलं नाही. माझ्या पोटात टिकलेली ती पहिली गोष्ट. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहिते आहे.

त्याच सुमाराला आमच्याकडे बैल घ्यायचा होता. हे बैलबाजारातून आले आणि सासूबाईंना सौद्याचं वर्णन करू लागले. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, बैलाचा भाव दलाल तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वर शेला टाकतात आणि शेल्याखाली एकमेकांची बोटं दाबतात. इतकी बोटं म्हणजे इतका भाव. भोवती मरणाचा कालवा चालू असतो, आणि यांचा सौदा मुक्यानं पुरा होतो.

मी हातातलं पीठ तसंच टाकून शेजारी पळाले.

"नाना, बोटं!"

नानांना आधी वाटलं मी नवीन लेप आणलाय. ते दोन पावलं मागं सरकले. मी सगळं समजावलं. बैलाचा दलाल बोलतो तसं काकूंशी बोला. एक बोट दाबलं की भाकर, दोन दाबली की पाणी. जबड्याला विसावा, आणि काकूंनाही कळेल तुम्ही रुसला नाहीत.

नाना कानापर्यंत लाल झाले. "बायकोचा हात धरू? दिवसाढवळ्या?"

"शेल्याखाली धरा."

"शेल्याखाली धरला तं आनखीनच वाईट दिसन व!"

पण धरला. दुसरा उपायच नव्हता. पहिले दोन-तीन दिवस फार गोंधळ. नानांनी पाणी मागितलं तर काकूंनी चुन्याची डबी आणली, आणि 'कुणीतरी आलं' म्हणून त्यांनी अंगठा दाबला तर काकू अंथरूण घालायला निघाल्या. मग काकूंनीच सूत्रं हातात घेतली. मीठ जास्त, मीठ कमी, दार लाव, बाबूभाई आला, पाऊस येईल, सगळ्याला त्यांनी बोटं ठरवली. नानांपेक्षा त्या कितीतरी हुशार निघाल्या. एक बारीक चिमटाही होता. त्याचा अर्थ मी नानांना विचारला.

"ते तुह्या कामाचं नाही," नाना म्हणाले.

संध्याकाळी दोघं ओट्यावर शेजारी बसत, मधे शेला, शेल्याखाली हात. गल्लीचे डोळे पांढरे झाले. त्या काळात आमच्याकडे नवरा-बायको रस्त्यानं चालतानासुद्धा मधे बैलगाडी जाईल एवढं अंतर ठेवत. बायका नळावर पदरात तोंड घालून हसू लागल्या. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाह्यलं का? तुहा बिबा डोक्यात गेला त्याच्या!"

मी मान खाली घालून 'हो' म्हटलं.

आणि जबडा हळूहळू सुटला. गोळ्या त्याच, शेक तोच, लेप तोच. पण आता सांध्याला खरोखर विसावा होता. सूज उतरली ती उतरली. कट्‌कट् थांबली. आधी दात दिसू लागले, मग जीभ. डॉक्टरांनी तीन बोटं उभी करून नानांच्या तोंडात घालून पाहिली आणि म्हणाले, "जा. पण बेतानं."

बाजारात मिरची अजून येत होती. शेवटशेवटची, थोडी लाल पडलेली. नाना धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर चढले. मी सासूबाईंच्या मागं पिशवी घेऊन उभी होते. तोंड उघडलं आणि बिजागरी पुन्हा अडकली तर? नांदुऱ्याचा माणूस हात बांधून बाजूला उभा होता, बाबूभाई पान चघळायचं थांबले होते.

नानांनी गालाला हात लावला, काढला, आणि आवाज सोडला. "मिरची! हिरवी मिरची! पिंपळगावची!"

पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले.

"आ गया! मेरा शेर आ गया!" बाबूभाईंनी पान थुंकलं आणि नांदुऱ्याच्या माणसाच्या पाठीवर थाप मारून त्याला चहाला पाठवलं. मी इकडंतिकडं पाहिलं. कांद्याच्या ढिगापाशी गिरजाकाकू उभ्या होत्या, एकट्याच, पदर सारखा करून. त्या लांबून नानांच्या तोंडाकडे पाहत होत्या आणि त्यांचे ओठ नानांबरोबर हलत होते.

आता घरातला हर्रासही सुरू होईल म्हणून मी भिंतीला कान लावून होते. एक दिवस गेला, दोन गेले, पलीकडे चिडीचूप. मला काळजी वाटली. पुन्हा दुखू लागलं की काय? डॉक्टरांकडे न्यायला हवं का, हे विचारायला मी निघणार, तेवढ्यात काकूच भिंतीपाशी आल्या. हातात विरजणाची वाटी. आजवर त्या आपणहून माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मी बोटांनी गालाकडे खूण करून विचारलं, बरं आहे ना नानांचं? त्यांनी मागं वळून नाना जवळपास नाहीत हे पाहून घेतलं, आणि मग ऐकू न येणाऱ्या माणसाला असतो तशा बेहिशेबी मोठ्या आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, मला म्हणाल्या:

"बरा झाला व त्याचा जबडा, मले दिसते ना! बाजारात वरडू दे त्याले. पन घरात अजून तोंड उघडाचं नाही, असं डॉक्टरनं सांगतलं म्हनून सांग त्याले. लग्नात हात हातात देल्ला होता, त्याच्यानंतर आत्ता कुठी धरला हाय त्यानं."